पक्षिदर्शन आणि भूमीचा विसावा
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा चालक मंडळींनी आम्हांस केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगावा, तर तो आमच्याहून चांगला जाणणारी माणसे याच सभेत पुढच्या रांगेत बसली आहेत. उपदेश करावा, तर तो अधिकार आमचा नव्हे. तथापि गेल्या उपवासकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांसह आम्ही जी एक लहानशी सहल केली, तिने आम्हांस असे काही शिकविले की ते आपल्यापुढे मांडल्यावाचून राहवत नाही. शिवाय त्या सहलीत आमची स्वतःची एक चूक आमच्या ध्यानात आली. ती ज्या सभेत झाली त्याच लोकांसमोर कबूल करावी, हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सहलीचे मूळ एका प्रश्नात आहे. डोंगरावरील प्रवचनाचा पाठ चालला होता. आकाशातील पाखरे पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांचे पोषण करितो, हा प्रभूचा दृष्टान्त आम्ही समजावून देत होतो. तेव्हा इयत्ता पाचवीतील एक मुलगी उठली आणि विचारती झाली, "सर, ती पाखरे म्हणजे कोणती?" आम्ही म्हणालो, "सगळीच." तिने पुन्हा विचारले, "आपल्याकडे कोणकोणती आहेत?" आम्ही कावळा, चिमणी, घार, बगळा आणि खंड्या अशी नावे घेतली व तेथेच अडलो. जन्म या गावात गेला, केस याच गावात पिकले, आणि बोटावर मोजण्याइतकी पाखरे देखील आम्हांस नावानिशी ठाऊक नाहीत! प्रभूने ज्यांच्याकडे निरखून पाहावयास सांगितले, त्यांच्याकडे आम्ही कधी मान वर करून पाहिलेच नव्हते. त्याच दिवशी ठरले की धुळवडीच्या सुटीत मुलांना घेऊन भुईगावच्या किनाऱ्यावर जावयाचे आणि जी पाखरे दिसतील त्यांची नावनिशीवार नोंद करावयाची.

तयारी साधीच होती. एका हौशी तरुणाने आपली दुर्बीण दिली आणि डॉक्टर सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तकही दिले. 1896 साली मुंबईत जन्मलेल्या या थोर संशोधकाने 1941 साली ते पुस्तक प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून आपल्या देशात पाखरे ओळखू पाहणाऱ्या प्रत्येक नवशिक्याच्या हातात ते दिसते. ज्या संस्थेशी त्यांचे आयुष्य बांधले गेले होते, ती मुंबईची निसर्गेतिहास संस्था तर 1883 सालची. इतकी विद्या आपल्या दाराशी असता आपण तिच्याकडे पाठ करून बसलो, हेही त्या निमित्ताने लक्षात आले. मुलांना नियम तीनच घातले होते. भडक कपडे घालावयाचे नाहीत, मोठ्याने बोलावयाचे नाही आणि कोणत्याही घरट्यास हात लावावयाचा नाही. दुसरा नियम वेशीबाहेर पडण्यापूर्वीच मोडला, हे सांगावयास नकोच.

सकाळी साडेसहाच्या सुमारास आम्ही सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरलो. होळीची पौर्णिमा आदल्या रात्री झाली होती. त्यामुळे पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगरामागे तांबडे फुटत होते आणि पश्चिमेस पूर्ण चंद्र समुद्रात उतरत होता. आपल्यातील कोळी बांधवांस सांगावयास नको की पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर पहाटे सहाच्या आसपास ओहोटी पुरी होते आणि दुपारी बाराच्या सुमारास भरती शिगेस पोहोचते. आम्ही गेलो तेव्हा समुद्र दूर मागे हटला होता व ओल्या वाळूचे आणि चिखलाचे मैदान उघडे पडले होते. हेच किनाऱ्यावरील पाखरांचे ताट होय. चिखलात दडलेले किडे, शिंपले, बारीक खेकडे त्यांना या वेळीच सापडतात. पुढे भरती चढू लागली म्हणजे पाणी त्यांना हळूहळू मागे रेटीत आणते. पाखरांच्या मागे धावणाऱ्यास ती कधीच जवळून दिसत नाहीत. जो एका जागी बसून भरतीची वाट पाहतो, त्याच्याकडे ती आपल्या पायांनी चालत येतात. आम्ही सुरूच्या एका उन्मळलेल्या खोडाआड बसलो.

प्रथम दिसले ते चिखल्या पक्षी. चिमणीहून थोडे मोठे, मातकट रंगाचे, दहा पावले तुरुतुरु धावावयाचे, थबकावयाचे, चोच मारावयाची व पुन्हा धावावयाचे. त्यांतील एकदोघांच्या छातीवर तांबूस छटा उमटू लागली होती. त्यापलीकडे काळ्या-पांढऱ्या अंगाचे, लांबलचक गुलाबी पायांचे शेकाटे उथळ पाण्यात जपून पावले टाकीत होते. पाण्याच्या काठाने कुरव पक्ष्यांचा मोठा थवा बसला होता. त्यांच्याकडे दुर्बिणीतून पाहताना मुलांना एक चमत्कार आढळला. काहींची डोकी पांढरी होती व कानामागे नुसता एक काळसर ठिपका होता. काहींची डोकी मात्र गडद तपकिरी होती, जणू टोपी घातली आहे. "सर, ह्या दोन जाती काय?" जात एकच होती. हिवाळ्यात त्यांचे डोके पांढरे असते आणि वसंत आला की विणीच्या हंगामासाठी तपकिरी होते. आपले पाहुणे परत निघण्याची तयारी करीत होते.

पाहुणे म्हणण्याचे कारण असे की ही पाखरे मूळची येथली नव्हेत. तपकिरी डोक्याचे हे कुरव लडाख, तिबेट व मध्य आशियातील उंच पठारांवरील सरोवरांकाठी अंडी घालतात. तेथील पाणी हिवाळ्यात गोठते, तेव्हा ते हिमालय ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येतात व उन्हाळा लागताच पुन्हा तो ओलांडून परत जातात. सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतचा हा आकाशमार्ग सुमारे 30 देशांवरून जातो. त्या मार्गावर आपला किनारा म्हणजे एक धर्मशाळाच म्हणावयाची. धर्मशाळेचा मालक प्रवाशास विचारीत नाही की तू आमच्या कोणत्या उपयोगाचा. तो फक्त विहिरीला पाणी आहे की नाही एवढे पाहतो. येथे एका मुलाने मोठा शोध लावला. लाटांवर एक तपकिरी पक्षी कितीतरी वेळ निश्चल बसला आहे असे त्याने सर्वांस दाखविले व आम्हीही वहीत तशी नोंद करावयास घेतली. भरतीने तो जवळ आणला तेव्हा तो नारळ निघाला. त्या मुलास आम्ही हसलो नाही, कारण दुर्बिणीतून पाहून मान आम्हीही डोलविली होती.

इतक्यात एक कैकर आला. हा मासेखाऊ शिकारी पक्षीही हिवाळी पाहुणाच. पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत तो क्षणभर थांबला, मग पाय पुढे करून दगडासारखा खाली आला, पाणी उसळले, आणि वर उठला तेव्हा त्याच्या नखांत मासा होता. त्याने मासा डोके पुढे येईल असा फिरवून धरला व सुरूच्या बनावरून निघून गेला. मुले श्वास रोखून पाहत होती. पेरीत नाही आणि कापीत नाही हे खरे. परंतु त्याला आयते मिळते असेही नाही, हे त्यांना त्या एका उडीत समजले. पित्याने पोषणाची सोय केली आहे. ती सोय म्हणजे जिवंत समुद्र आणि त्यातील मासा. समुद्रच निर्जीव केला तर सोय कोठून राहणार?

भरती चढू लागल्यावर आम्ही खाडीच्या बाजूने तिवरांच्या कडेकडेने परत निघालो. पाखरांची यादी तोवर 20 वर गेली होती व मुलांचे लक्ष पोटातील भुकेकडे वळले होते. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात. त्यांच्यामध्ये निवट्या उड्या मारीत होत्या. ज्यांचे कालवण आपण चवीने खातो, त्या पाण्याबाहेर येऊन चिखलावर चालतात, हे कित्येक मुलांनी प्रथमच पाहिले. एक नांगी भली मोठी व दुसरी इवलीशी असे लहान खेकडे बिळाच्या तोंडाशी उभे राहून मोठी नांगी वरखाली हलवीत होते. एका मुलीने त्यांस उलट हात हलवून अभिवादन केले.

तिचा हात तसाच वर राहिला. तीसएक पावलांवर तिवरांच्या सावलीत काहीतरी हलले. प्रथम वाटले की गावचे कुत्रे असेल. परंतु कान उभे व टोकदार, तोंड निमुळते, अंग पिवळट राखी आणि शेपटी झुबकेदार, खाली सोडलेली. तो कोल्हा होता. त्याच्या तोंडात एक खेकडा होता व त्याच्या नांग्या अजून हलत होत्या. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही 14 माणसे त्याच्याकडे पाहत होतो. सकाळपासून जो नियम कोणी पाळला नव्हता, तो त्या वेळी सर्वांनी आपसूक पाळला. कोल्ह्याने खेकडा खाली ठेवला, नीट धरला, दोनदा चावला, गिळला आणि काहीच घडले नाही अशा रीतीने तो तिवरांत शिरला.

आमच्या लहानपणी रात्री अंथरुणात पडल्यापडल्या कोल्हेकुई ऐकू येत असे व आम्ही आजीच्या पदराखाली तोंड लपवीत असू. पुढे दिवे आले, रस्ते आले, इमारती आल्या आणि तो आवाज बंद झाला. आमची खातरी होती की कोल्हे आता गोष्टीच्या पुस्तकात तेवढे उरले. वस्तुतः ते कोठे गेलेच नव्हते. आपल्या खाड्यांच्या तिवरांत खेकडे, मासे, उंदीर खाऊन ते आपले पोट भरीत होते. आम्ही ऐकावयाचे थांबलो होतो, एवढेच.

परंतु त्या दिवसाचा खरा धडा पुढेच होता. उन्हे चढली तेव्हा वाड्यांमधून आम्ही गावात आलो व आपल्या मंदिरामागील बावखलाच्या काठी आंब्याच्या सावलीत फराळास बसलो. बावखल म्हणजे काय, हे या सभेत सांगण्याची गरज नाही. पण ही पुस्तिका मुंबईत व परदेशांत राहणाऱ्या आपल्या नातवंडांच्याही हाती जाईल, म्हणून सांगतो. वसईच्या या किनारपट्टीवर आपल्या पूर्वजांनी हातांनी खणलेली ही गोड्या पाण्याची तळी होत. पावसाळ्यात ती भरावयाची आणि मग बैलाच्या रहाटाने त्यांतील पाणी उपसून केळी, पानवेली, भाजीपाला व फुले जगवावयाची, ही त्यांची रीत. आपल्या मंदिराशी तर या बावखलाचे विशेष नाते आहे. जोत्यासाठी लागलेल्या चुन्यासिमेंटात त्याचेच पाणी मिसळले आहे. त्या वेळी घमेली व हंडे वाहणाऱ्या ज्या भगिनी आज हयात आहेत, त्यांना ते आठवत असेल.

बावखलाच्या कमळपानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालत होता. टिबुकली पाण्यात बुडी मारून कोठे वर येईल याची मुलांनी पैज लावली होती. ढोकरी काठावर मातीत माती होऊन उभी होती आणि उडाली तेव्हाच तिचे पांढरेशुभ्र पंख दिसले. समोरच्या पूर्वेकडील उभ्या काठावर खंड्याची जोडी होती. एकजण आंब्याच्या फांदीवर बसून ओरडावयाचा व दुसरा चोचीने काठाची माती कोरावयाचा. मग पाळी बदलावयाची. खंड्या झाडावर घरटे करीत नाही. मातीच्या उभ्या काठात हातभर लांब बीळ कोरून त्याच्या टोकाशी तो अंडी घालतो, आणि हे काम तो मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत करतो. आमचे त्या बिळाकडे लक्ष लागले असतानाच पायाशी पाणी हलले व एक दिवड डोके वर काढून काठाकडे आली. तिच्या तोंडात मासा होता. एका मुलाने काठी उचलली. तेवढ्यात पलीकडे गवत कापीत असलेल्या आजी ओरडल्या, "मारू नकोस रे बाबा! तिने तुझे काय केले? ती विषारी नाही." मुलाने काठी टाकली. दिवडीने मासा गिळला व ती पुन्हा पाण्यात गेली.

आजी मग आमच्यात येऊन बसल्या. कोल्हा पाहिल्याची हकिकत मुलांनी एकाच वेळी सर्वांनी मिळून त्यांना सांगितली. त्यांना मुळीच नवल वाटले नाही. "तो होय! तो इथे येतो की पाणी प्यायला. पहाटे, मिस्सेची घंटा होण्याच्या आधी. मी फुले खुडायला येते. मी त्याला काही बोलत नाही, तो मला काही बोलत नाही." त्यांनी काठावरील ओल्या मातीत पावलांचे ठसे दाखविले. ते कुत्र्याचे की कोल्ह्याचे, हे सांगणे आम्हांस शक्य नव्हते. परंतु आजींच्या शब्दावर आमचा विश्वास बसला. तिवरांत त्याला अन्न भरपूर आहे, पण तेथील पाणी खारे. तहान भागवावयास त्याला गोडे पाणी हवे आणि ते आपल्या मंदिरामागे आहे.

येथे आमच्या कबुलीजबाबाची वेळ येते. आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे की महोत्सवाच्या तयारीच्या सभेत एक सूचना पुढे आली होती. पाहुण्यांच्या व पुढे रविवारच्या गाड्या उभ्या करण्यास जागा अपुरी आहे, सबब बावखलाचा अर्धा पूर्वभाग भराव घालून सपाट करावा, अशी ती सूचना होय. सुचविणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. त्या सूचनेस अनुमोदन आम्ही दिले होते. "ते डबके काय कामाचे?" हे शब्द आमचे होते. त्या सकाळी खंड्याच्या जोडीने जो काठ कोरावयास घेतला होता, तोच काठ आम्ही भरावयास निघालो होतो. आणि प्रभूच्या पाखरांची नावे विचारणारी ती मुलगी आमच्या शेजारीच बसली होती. तिला यातले काही ठाऊक नव्हते. आम्हांस मात्र भाकरीचा घास गिळवेना.

ही आमची पहिली चूक नव्हती, म्हणून तर ती अधिक बोचली. 1991 साली आम्ही घर बांधले तेव्हा जुन्या घराचा विटा-दगडांचा ढिगारा आमच्या वाडीतील बावखलात लोटला. रहाट केव्हाच गेला होता, विहिरीवर विजेचा पंप बसला होता, बावखलाची गरज उरली नाही असा हिशेब आम्ही केला. आमच्या वडिलांनी एवढेच विचारले, "पाणी कुठे बसेल रे?" आम्ही त्या प्रश्नास हसलो. काही वर्षांनी उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले, केळीची पाने कडेने करपू लागली, तेव्हा वडील ते पाहावयास नव्हते.

त्यांच्या प्रश्नाचे शास्त्र आता आम्हांस समजले आहे. समुद्राकाठच्या भूमीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने हलके. सर्वसाधारण नियम असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 फूट असली, तर तिच्या खाली सुमारे 40 फूट गोड्या पाण्याचा साठा खाऱ्या पाण्यास दाबून धरतो. म्हणजे वरची पातळी 1 फूट उतरली की खालून खारे पाणी 40 फूट वर चढू पाहते. एकीकडे पंपांनी उपसा वाढला आणि दुसरीकडे पावसाचे पाणी जिरविणारी बावखले आपण बुजविली, तर काय व्हावयाचे ते सांगावयास नको. 1980 च्या दशकात वाड्यांतील पाणी टँकरांनी शहराकडे जाऊ लागले, तेव्हा हेच संकट ओळखून फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. पुढे 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, तेव्हा आपण सर्वांनी अभिमान मिरविला. 2024 साली ते प्रभुघरी गेले. त्यांचा अभिमान बाळगणे सोपे आहे. बावखल राखणे त्याहून थोडे कठीण आहे. आणि ज्यांना उन्हाळ्याचे हे गणित पटत नसेल त्यांनी जुलै 2018 आठवावा. वसई कित्येक दिवस पाण्यात होती, आगगाड्या बंद होत्या, मिठागरांतील माणसे पाण्याने वेढली गेली होती. पाण्यास बसावयास जागा दिली नाही तर ते आपल्या ओटीवर येऊन बसते.

आता महोत्सवाविषयी. आपण 50 वर्षांचा उत्सव करतो, परंतु या आकड्याचे मूळ कोठे आहे? लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायात परमेश्वराने इस्राएल लोकांस पन्नासावे वर्ष पवित्र मानण्यास सांगितले आहे. मेंढ्याच्या शिंगाचे जे रणशिंग त्या वर्षी फुंकावयाचे, त्याच्या हिब्रू नावावरून त्यास योबेल वर्ष म्हणतात. त्या वर्षी दासांस मुक्ती मिळे, गहाण पडलेली भूमी मूळ कुटुंबास परत मिळे आणि स्वतः भूमीस विसावा मिळे. तिच्यात पेरावयाचे नाही, कापणी करावयाची नाही. त्याच अध्यायात विसाव्याच्या वर्षी भूमी आपण होऊन जे देईल त्याचे वाटेकरी सांगितले आहेत. त्यांत धनी आहे, दास आहे, मजूर आहे, परका आहे, गुरेढोरे आहेत आणि सर्वांच्या शेवटी रानटी पशूदेखील आहे. हा शेवटचा वाटेकरी आम्ही आयुष्यभर वाचला व कधी पाहिला नाही. तो त्या दिवशी तिवरांत खेकडा खाताना दिसला. 104 व्या स्तोत्रातही स्तोत्रकर्ता ज्या झऱ्यांचे वर्णन करतो, त्यांच्या काठी पाखरे वस्ती करतात व रानातील पशू आपली तहान भागवितात. आपले बावखल म्हणजे त्याच वर्णनातील एक लहानसे स्थळ होय, आणि त्याची राखण देवाने या धर्मग्रामाकडे दिली आहे.

पवित्र धर्मसभेचे सांगणेही याहून निराळे नाही. पाखरांस भावंडे मानणाऱ्या असिसीकर संत फ्रान्सिसांस पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 साली पर्यावरणाच्या कार्याचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्या संताचे नाव धारण करणाऱ्या पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाऊदातो सी' हे परिपत्र काढून पृथ्वीस आपणां सर्वांचे सामायिक घर म्हटले. सामायिक घरातील एक खोली एका भावाने परस्पर बुजवावी हे आपल्यापैकी कोणत्या कुटुंबात खपेल? भावाभावांत एवढ्यावरून कोर्टकचेऱ्या होतात. बिचाऱ्या खंड्याला वकील नाही, इतकेच.

म्हणून आज या सभेपुढे आम्ही आमचे अनुमोदन मागे घेतो. येत्या महिन्याच्या सभेत हा विषय निर्णयास येणार आहे. त्या वेळी आपण सर्वांनी आपले मत विचारपूर्वक द्यावे, अशी हात जोडून विनंती आहे. नुसते नको म्हणणे पुरेसे नाही, हे आम्ही जाणतो. गाड्यांची अडचण खरी आहे, वृद्धांस व आजाऱ्यांस मंदिरापर्यंत गाडीने यावेच लागते. त्यांच्यासाठी अंगणातील जागा राखून ठेवावी. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी शाळेच्या मैदानात गाड्या ठेवाव्या व पाच मिनिटे चालावे. आपले आजोबा-आजी दोन कोसांवरून अनवाणी मिस्सेस येत. आणि बावखलास महोत्सवाची भेट द्यावयाची असेल तर त्यातील गाळ काढावा, प्लास्टिक व कुजलेल्या माळा त्यात टाकणे थांबवावे. गाळ काढताना पूर्वेचा काठ पावसाळ्यापर्यंत तसाच सोडावा. काठास सिमेंटची भिंत मात्र घालू नये, कारण भिंतीतून पाणी जिरत नाही आणि खंड्यास घर कोरता येत नाही. आमच्या वाडीतील बुजविलेले बावखल या वर्षी पुन्हा उकरावयास घेण्याचे आम्ही ठरविले आहे. सगळे नाही जमले तरी निम्मे तरी होईल. आमच्या वडिलांच्या प्रश्नास उशिरा का होईना, एवढे उत्तर आम्हांस द्यावयाचे आहे.

त्या दिवशीच्या वहीत शेवटी 32 जातींची पाखरे नोंदली गेली. त्या मुलीने यादीच्या खाली स्वतःच्या हाताने आणखी चार ओळी लिहिल्या: कोल्हा 1, दिवड 1, निवट्या पुष्कळ, नारळ 1. ती वही आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात जपून ठेवली आहे. पुढील वर्षी त्याच पौर्णिमेनंतर ती पुन्हा उघडावयाची आहे. पुनरुत्थानाचा सण वसंतातील पौर्णिमेवरून ठरतो, हे आपण जाणतोच. 21 मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, तो आपला आनंदाचा दिवस. ज्या चंद्राकडे पाहून धर्मसभा आपला सर्वांत मोठा सण ठरविते, त्याच चंद्राच्या ओढीने आपल्या किनाऱ्यावर भरती चढते व तीच भरती पाखरांस आपल्या जवळ आणते. एवढी मोठी व्यवस्था ज्याने लाविली, त्याने आपल्याकडे काय मागितले आहे? एका तळ्याएवढी जागा.

आणखी पन्नास वर्षांनी या धर्मग्रामाचा शतकमहोत्सव होईल, तेव्हा आम्ही नसू. ती मुलगी तेव्हा साठीत असेल. पहाटे मिस्सेच्या घंटेपूर्वी ती मंदिरामागे गेली तर तिला पाणी दिसावे, काठावर खंड्या बोलताना ऐकू यावा आणि ओल्या मातीत कोणाची तरी पावले उमटलेली असावी, एवढेच आमचे मागणे आहे. दयाघन परमेश्वर ते पुरे करो आणि ते पुरे करण्याची सद्बुद्धी तो आपणांस देवो.